पस्तीस शतांशांची ढील

एल्विओ राक्काने चाक उजवीकडे फिरवलं, टेबल उजवीकडे सरकलं. डावीकडे फिरवलं, डावीकडे सरकलं. एवढ्यावरच जुलैच्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या कडाक्याच्या थंडीत, दोन स्वेटर घालून स्टुलावर बसलेला हा एकोणसत्तर वर्षांचा माणूस एकटाच खुदकन हसला.

धातूत खाचा पाडणाऱ्या जुन्या मिलिंग मशीनवर ज्याने कधी हात घातला नाही त्याला यात हसण्यासारखं काय, ते कळायचं नाही. जुन्या मशीनचं चाक उलटं फिरवलं की टेबल लगेच ऐकत नाही. आतला स्क्रू आणि नट एकमेकांना झिजवून सैल झालेले असतात, त्यामुळे चाक आधी थोडं रिकामंच फिरतं आणि मग कुठे टेबल हलतं. या रिकाम्या फिरण्याला ढील म्हणतात. राक्काच्या मशीनची ढील पस्तीस शतांश होती, म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले पस्तीस. हात बसलेला कारागीर काय करतो, चाक उलटं घेताना डायलवर तेवढे पस्तीस जास्त फिरवतो, की हिशेब जुळतो. पुढे पुढे हे हातच करतो, डोक्याला विचारत नाही.

ती ढील आज शून्यावर आली होती.

त्यासाठी पाच महिने गेले होते. मार्चमध्ये त्याने मशीन उघडलं, तेव्हा परसातल्या द्राक्षाच्या वेलीला पानं होती. टेबल ज्या पट्ट्यांवरून सरकतं त्या त्याने हाताने खरवडल्या. निळी शाई फासायची, सपाट पट्टी टेकवायची, शाई उठेल तेवढाच उंचवटा खरवडायचा, की पुन्हा शाई. असं दिवसाला सहा तास. ती शाई बोटांवरून कपावर गेली, कपावरून दाराच्या कडीवर, कडीवरून उशीच्या अभ्र्यावर. घरात दुसरं कोणी असतं तर त्याला पहिल्याच आठवड्यात फैलावर घेतलं असतं. पण कोणी नव्हतं, म्हणून घर हळूहळू निळं होत गेलं आणि एल्विओने तेही चालवून घेतलं.

ढील न ठेवणारे नवे बॉल स्क्रू रोसारिओच्या एका दुकानातून मागवले. फोनवरचा मनुष्य म्हणाला, "आजोबा, आता एवढं करताच आहात तर आकडे दाखवणारी पेटीपण बसवून घ्या ना. सगळे बसवतात. डायल कोण वाचतं हल्ली?"

"वाचणारं आहे कोणीतरी," एल्विओ म्हणाला आणि फोन ठेवला.

स्क्रूचा आटा त्याने मुद्दाम जुन्या मापाचाच घेतला, म्हणजे डायल तीच राहील. चाकही तेच ठेवलं. मुठीजवळ कडा गुळगुळीत झालेलं, दोनच तळहातांच्या ओळखीचं चाक. त्यातला एक तळहात त्याचा. दुसरा त्याच्या मुलीचा, मारिसेलचा, आणि तो नऊ वर्षांत या चाकाला लागला नव्हता.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं, कारण एल्विओ स्वतःहून सांगेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. तोच तर त्याचा रोग होता.

मारिसेल बारा वर्षांची असताना तिची आई गेली. बाप दिवसभर परसातल्या वर्कशॉपमध्ये, म्हणून मुलगीही तिथेच. आधी लोखंडाचे कीस झाडायची, मग ड्रिल धरायला लागली, मग मिलिंग. पंचविशीपर्यंत तिचा हात असा तयार झाला की कोलोनिया बेर्ता गावचे शेतकरी पेरणीयंत्राचे भाग घेऊन यायचे आणि एल्विओला बाजूला सारून विचारायचे, "पोरगी आहे का?" एल्विओला याचा अभिमान होता. थोडं झोंबायचंही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

मग ते चाळीस शाफ्ट आले. नेल्सो जाकोसा गावात पेरणीयंत्रं बांधायचा, त्याचं काम. प्रत्येक शाफ्टला आठ मिलिमीटर रुंदीची खाच, तिच्यात घट्ट बसणारी चावी, म्हणजे लोखंडी पाचर. मारिसेलने शुक्रवारी दहा शाफ्ट केले, दहाही चोख. पण तिचं मनगट दुखत होतं, चाक रिकामं फिरवून फिरवून. ती काही म्हणाली नाही, पण जेवताना काटा डाव्या हाताने धरला होता. म्हणून रविवारी, ती मैत्रिणीकडे गेलेली असताना, एल्विओने मशीनखाली झोपून नट आवळला. ढील गेली. पोरीला बरं वाटेल म्हणून केलं होतं. सोमवारी सकाळी तिला सांगायचं होतं, पण सकाळी टपालवाल्याशी गप्पा झाल्या, मग वीजबिलाचं काही निघालं, आणि राहिलं.

मारिसेलने सोमवारी उरलेले तीस केले. तेच काम, तीच बांधणी, तेच आकडे. हाताने सवयीने पस्तीस जास्त दिले आणि तीसच्या तीस खाचा पस्तीस शतांशांनी रुंद झाल्या. तिने मधे एखादा शाफ्ट मोजायला हवा होता, हे खरं. पण शुक्रवारी मोजलेलं सोमवारी कोण पुन्हा मोजतं?

मंगळवारी नेल्सो आपली दोन माणसं घेऊन आला. चावी खाचेत टाकली तर खुळखुळली. दुसऱ्यात खुळखुळली, तिसऱ्यात खुळखुळली. एल्विओचं डोकं फिरलं. सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "हात नाही हिला. इतकी वर्षं शिकवतोय, पण हातच नाही, त्याला मी काय करू?"

आणि मग त्याने व्हर्निअर लावून मोजलं. आठ पस्तीस. त्या क्षणी त्याला सगळं लख्ख कळलं. तोंड उघडायला एक सेकंद पुरला असता. पण नेल्सो बघत होता, त्याची माणसं बघत होती, मारिसेल बघत होती, आणि एल्विओ मूग गिळून बसला. नट पुन्हा सैल करून ते तीस शाफ्ट त्याने स्वतः नव्याने केले. आठवड्याने मारिसेल राफाएला शहरात गेली, चीजच्या कारखान्यात लागली. तेव्हापासून नाताळला यायची, वाढदिवसाला यायची, स्वयंपाकघरात बसायची, पाऊसपाण्याचं बोलायची. वर्कशॉपचं दार मात्र तिने ओलांडलं नाही.

नऊ वर्षांत एल्विओने ते वाक्य किती वेळा जुळवलं त्याची गणती नाही. दाढी करताना ते पूर्ण यायचं. टेलिफोन हातात धरला की अर्धं यायचं. ती समोर बसली की तो विचारायचा, "आणखी पाव घेतेस का?" शेवटी त्याच्या डोक्याने अशी पळवाट काढली की बोलायचंच कशाला, मशीनच असं करून ठेवू की त्यात ढील उरणार नाही. ती चाक फिरवेल, तिच्या हाताला कळेल, आणि हात बापाचं म्हणणं ओळखेल. पाच महिने खरवडणं एका वाक्यापेक्षा सोपं वाटावं, असा हा माणूस होता.

त्याने निळी बोटं फडक्याला पुसली आणि फोन लावला.

"मारिसेल, रविवारी येतेस का?"

"का? बरं नाहीये का तुला?"

"मला काय धाड भरलीय? बान्या काउदा करतोय."

बान्या काउदा म्हणजे लसूण, खारवलेले मासे आणि साय यांचं एकच भांडं आचेवर ठेवून सगळ्यांनी भोवती बसून त्यात भाज्या बुडवून खायचं जेवण. एकट्याने करायचा पदार्थच नव्हे तो.

"आणखी कोण येतंय?"

"कोण येणार? तू नि मी."

"येते," ती म्हणाली. "लसूण कमी घाल. सोमवारी कामावर जायचंय मला."

रविवारी ती अकराच्या बसने आली. चौतीस वर्षांची, केस आखूड कापलेले, हातात मोठं चीज. आत येताच तिने दाराची कडी बघितली, मग कप, मग खुर्चीची पाठ.

"हे काय, बाबा? घर रंगवायला काढलंस का?"

"शाई आहे. जाते धुतली की."

"तू धूत नाहीस म्हणून दिसतेय ती."

एल्विओला बरं वाटलं. टोमणा मारते म्हणजे राग पातळ आहे, असं त्याने मनाशी धरलं. त्याने येर्बाचा कडू काढा पुढे केला, तिने नळीने ओढून भांडं परत दिलं, त्याने पुन्हा पाणी ओतलं. अशा तीन फेऱ्या झाल्या. बसचं झालं, थंडीचं झालं, शेजारच्या कुत्र्याचं झालं. मंद आचेवर भांड्यातला लसूण विरघळत होता.

"एक काम होतं," एल्विओ भांड्याकडे बघत म्हणाला. "शेजारच्या पंपाचा शाफ्ट आहे. एक खाच काढायचीय, आठची. माझी नजर आता डायलवर ठरत नाही."

ही थाप होती. त्याची नजर घारीची होती.

मारिसेलने बाहीचा कोपरा ओढला, सोडला. "बाबा, मला नको ते. तुला माहितीय."

"एकच खाच. दहा मिनिटांचं काम. मला दुसरं कोण आहे गं?"

शेवटचं वाक्य त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. ते निसटलं, आणि निसटलं म्हणूनच लागू पडलं. ती उठली.

वर्कशॉपच्या दारात ती थबकली. मशीन हिरव्या रंगाने चकाकत होतं, पट्ट्यांवर खरवडल्याच्या बारीक खुणा खवल्यांसारख्या चमकत होत्या. ती कितीतरी वेळ बघत राहिली. "सुंदर केलंयस," ती हळूच म्हणाली आणि तिने चाकावर हात ठेवला. एल्विओ तिच्या मागे, तीन पावलांवर उभा राहिला. त्याला वाटलं, आता.

तिने शाफ्ट शिकंज्यात आवळला, सातचा कटर मधोमध आणला. नऊ वर्षं जणू मधे नव्हतीच. अर्धा मिलिमीटर एका बाजूला, काप. मग चाक उलटं. "हलकं चालतंय," ती म्हणाली, "लोणी लावलंस का याला?" आणि हे म्हणता म्हणता तिच्या बोटांनी, तिला न विचारता, पस्तीस जास्त दिले. एल्विओने ते बघितलं. ओरडायला तोंड उघडलं तोवर कटर धातूत शिरला होता.

तिने मशीन थांबवलं, कीस फुंकला, फळीवरची चावी घेऊन खाचेत टाकली. चावी खुळखुळली.

तिचा चेहरा पडला. हळूहळू पडला असता तर एल्विओला तेवढं लागलं नसतं. ती जणू तयारच होती याला.

"नाहीच ना," ती म्हणाली. "बघ, नऊ वर्षांनी पण नाही. बरोबर होतास तू, बाबा. हातच नाही मला."

अजूनही गप्प राहायची सोय होती. नजरेचं निमित्त होतं, मशीनवर ढकलता आलं असतं, जेवायला चल म्हणता आलं असतं. नऊ वर्षं त्याने नेमकं हेच केलं होतं.

"ढील काढलीय मी," तो म्हणाला. "शून्य आहे आता."

"काय?"

"स्क्रू बदलले. या हिवाळ्यात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या हाताला कळेल असं वाटलं."

ती हसली. मोकळं, जुनं हसू. "कमाल करतोस तू! अरे, मग हाताने बरोबरच केलं की. ढील समजून पस्तीस दिले त्याने. आधी सांगायला काय झालं होतं तु..." आणि ती मधेच थांबली. पोरगी पहिल्यापासून हुशार. तिने व्हर्निअर उचलला, खाचेला लावला, खिडकीकडे धरून वाचला.

"आठ पस्तीस."

एल्विओने टेबलावरचा कीस हाताने झाडायला घेतला.

"तेव्हापण आठ पस्तीसच होतं, बाबा. तीसच्या तीस. आठ पस्तीस." ती त्याच्याकडे वळली. "तेव्हा काय केलं होतंस तू?"

"नट आवळला होता. रविवारी. तुझं मनगट दुखत होतं म्हणून. सोमवारी सांगायचं राहिलं."

"राहिलं."

"हो."

"आणि तुला कळलं कधी?"

आज, असं म्हणता आलं असतं. त्याने ते तोंडात घोळवलंसुद्धा. "मंगळवारी," तो म्हणाला. "व्हर्निअर लावला तेव्हाच. नेल्सो उभा होता ना समोर."

मारिसेलने व्हर्निअर डबीत ठेवला, डबी बंद केली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी डॉक्टरकडे गेले होते," ती म्हणाली. "राफाएलाला, पहिल्याच वर्षी. त्यांनी सुया टोचून हाताच्या नसा तपासल्या. काही नाही, म्हणाले, ठणठणीत आहे. मी म्हटलं, नीट बघा, काहीतरी असणार. नऊ वर्षं मी चीज फडक्यात गुंडाळतेय, बाबा. चाकूसुद्धा दुसऱ्याला देते. म्हणते, मला हात नाही."

"म्हणून तर मशीन नवं केलं. तुझ्यासाठीच गं. पाच महिने..."

"मशीनला काय झालं होतं?" आता मात्र तिचा आवाज चढला. "ठीक होतं की मशीन! पस्तीस शतांश, पाठ होते मला ते! झोपेतून उठवून विचारलं असतंस तरी सांगितले असते!"

एल्विओने हात पुढे केला. कशासाठी, त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. बोटं निळी होती. तिने ती बघितली, धरली नाहीत.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. नऊ वर्षं जुळवलेलं वाक्य शेवटी तीनच शब्दांचं निघालं.

"मला एकटीला सांगून काय करायचंय? तेव्हा थोडंच मला एकटीला बोललास? नेल्सोकाका होते, त्यांची माणसं होती. संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं, राक्काच्या पोरीला हात नाही. आता तिथे सांग."

ती स्वयंपाकघरातून कोट घेऊन निघाली. भांडं करपेल म्हणून जाता जाता तिने गॅस बंद केला. बसला अजून दोन तास होते. ती थांब्यावर जाऊन उन्हात बसली. त्याने खिडकीतून बघितलं, ती आपलेच दोन्ही हात मांडीवर पसरून बघत होती. मग बस आली.

चार वाजता एल्विओ क्लबमध्ये गेला. रविवारी दुपारी गावातले म्हातारे तिथे लाकडी चेंडूंचा डाव मांडतात. नेल्सो जाकोसा होता, आता ऐंशीचा, गळ्याला मफलर. बाकी चारपाच जण. एल्विओ टोपी काढून मैदानाच्या कडेला उभा राहिला.

"या या, नवरदेव," एकजण म्हणाला. "मशीनचा साजशृंगार झाला का?"

"मला एक सांगायचंय. नेल्सो, तुलाच मुख्य. ते चाळीस शाफ्ट. तीस बिघडले होते. ते मारिसेलने बिघडवले नव्हते, मी बिघडवले. रविवारी मी नट आवळला आणि तिला सांगितलं नाही. आणि तुझ्यासमोर मला ते कळलं, तरी मी बोललो नाही."

बोलून झालं. आता कोणीतरी शिवी हासडेल, नेल्सो थुंकेल, त्याने सगळ्याची तयारी ठेवली होती.

नेल्सोने डोळे बारीक केले. "कुठले शाफ्ट?"

"पेरणीयंत्राचे. आठची खाच. तू दोन माणसं घेऊन आला होतास."

"कधी?"

"नऊ वर्षं झाली."

नेल्सोने मनापासून आठवून बघितलं. मान हलवली. "नाही बुवा. मिळाले होते ना मला शेवटी? मग झालं तर."

"तिला हात नाही, असं मी म्हणालो होतो. सगळ्यांच्या देखत."

"मारिसेलला?" दुसरा म्हणाला. "ती राफाएलाला आहे ना चांगल्या नोकरीत? सुटली बिचारी त्या तेल-ग्रीसमधून. चल, एल्विओ, बाजूला हो जरा, नेल्सोचा चेंडू आहे."

कोणालाच आठवत नव्हतं. एका वाक्याने पोरीचा जन्माचा धंदा गेला होता, आणि ते वाक्य अख्ख्या गावात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातली एक बसमध्ये होती.

नेल्सोने चेंडू उचलला, नेम धरला. एल्विओ बाजूला झाला नाही. तो मैदानात उतरला, अगदी मधोमध, जिथून त्याला वळसा घालून कोणाला खेळता आलं नसतं, आणि मोठ्याने, रस्त्यावरून जाणारा थांबून बघेल इतक्या मोठ्याने, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. शुक्रवारी दहा शाफ्ट झाले होते. दहाही चोख होते. ते माझ्या मुलीने केले होते.